एलायझात एन्झाइम सापडेना, शेवटी काय केलं

उंदराच्या लिव्हरमधलं फॅटी अ‍ॅसिड सिन्थेस (फॅटी अॅसिड बनवणारं एन्झाइम) सँडविच एलायझाने (प्रोटीन दोन अँटीबॉडींमध्ये पकडून रंगावरून मोजायची चाचणी) मोजत होते, स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला आलेख) एकदम झकास पण सॅम्पलचं ओडी (रंगाची तीव्रता) ४५० नॅनोमीटरला जवळपास ब्लँकइतकंच (ज्यात एन्झाइम घातलेलंच नसतं), म्हणजे लिव्हरमध्ये जे भरपूर असतं तेच गायब! दोन प्लेटा वाया गेल्या, कीटला शिव्या घालून झाल्या. मग सहज एकच सॅम्पल १:५, १:२०, १:१०० असं डायल्यूट करून लावलं, तर डायल्यूशनने गुणल्यावर आकडा सारखा यायच्या ऐवजी वाढतच गेला. तेव्हा ट्यूब पेटली. लायसिस (पेशी फोडणं) मी रिपा नावाच्या बफरमध्ये केलं होतं, त्यात ०.१ टक्का एसडीएस (कडक डिटर्जंट) असतं आणि ते अँटीबॉडीला एन्झाइमला नीट चिकटू देत नाही. पुढच्या वेळी एसडीएस नसलेला बफर, बर्फावर सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पेशी फोडणं), आणि निदान १:५० डायल्यूशन, तेही कीटच्याच बफरमध्ये. माहीत असलेलं स्टँडर्ड मुद्दाम सॅम्पलमध्ये टाकून बघितलं तर ९० टक्क्यांच्या आसपास परत मिळालं (८० ते १२० चालतं). बीसीए चाचणीने एकूण प्रोटीन मोजून त्याने भागलं, झालं.

आणि हो, एलायझा एन्झाइम किती आहे एवढंच सांगतो, ते काम किती करतंय ते नाही, त्यासाठी हे एन्झाइम काम करताना वापरतं ते एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरला किती घटतं ते वेगळं बघायचं, आमच्या गाईडनी नेमकं तेच विचारलं.