पीए खरंच गेलाय का? टॉवर साइटवर आरएफ पॉवर ॲम्प्लिफायरचा दोष शोधताना

सेक्टर (टॉवरची एका दिशेची सेवा) डाउन आहे, 'पीए फॉल्ट' किंवा 'व्हीएसडब्ल्यूआर' (अँटेनाकडून पॉवर किती परत येते याचं माप) असा अलार्म आलाय आणि गाडीत नवा आरआरयू टाकून गगनबावड्याच्या वाटेला लागायचा बेत आहे. निघायच्या आधी दहा मिनिटं अलार्मच्या वेळा बघा. आरआरयू म्हणजे टॉवरवर अँटेनाच्या मागे बसवलेला रेडिओ. पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे पीए, त्याच्याच पोटात असतो. तो उतरवायला रिगर लागतात, दोर-पुली लागते आणि जुलैत तर उघडीपही लागते. एवढा खटाटोप करून नवा चढवला आणि अलार्म तसाच राहिला, तर दोष रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या दोन मीटरच्या केबलमध्ये, म्हणजे जंपरमध्ये, होता हे फार महागात कळतं.

पीएच्या आउटपुटला डायरेक्शनल कपलर असतो. अँटेनाकडे जाणारी आणि तिकडून परत येणारी पॉवर तो वेगवेगळी मोजतो. परत येणारी वाढली की युनिट ट्रान्झिस्टर वाचवायला पॉवर कमी करतं किंवा ती शाखाच बंद करतं. म्हणजे ओरडणारा पीए पुष्कळदा धडधाकट असतो. त्याच्या पुढची वाट बिघडलेली असते.

आधी वेळ विचारा

मागच्या पंधरा दिवसांचा अलार्म लॉग काढा आणि त्याशेजारी पाऊस, ऊन, लाइट जाणं यांच्या वेळा मांडा. अर्धं निदान खुर्चीत बसून होतं.

झड लागल्यावर अलार्म येतो आणि ऊन पडल्यावर दुपारी आपोआप क्लिअर होतो, तर कनेक्टरमध्ये पाणी आहे. राधानगरी, आंबा, गगनबावडा या पट्ट्यात पावसाळ्यात पहिला संशय हाच. वाऱ्यात चालू-बंद होत असेल तर सैल कनेक्टर किंवा आतून तुटत आलेला जंपर. लाइट गेल्यावर दोन-तीन तासांनी सेक्टर पडतो आणि डीजी (डिझेल जनरेटर) सुरू झाला की परत येतो, तर पीएला हातही लावू नका. डीसी पॉवर बघा. रोज दुपारी एक ते चार, तेही मार्च ते मे, म्हणजे उष्णता. संध्याकाळी गर्दीच्या वेळी स्पीड पडतो पण अलार्म काहीच नाही, तर पिम (गंजक्या-ढिल्या सांध्यात सिग्नल एकमेकांत मिसळून होणारा कचरा) किंवा अर्धा मेलेला पीए. आणि वळवाच्या गडगडाटात एकदा गेला तो परत आलाच नाही, तर मात्र युनिट खरंच गेलेलं असू शकतं. तरीही आधी एसपीडीची (सर्ज अडवणाऱ्या डबीची) खिडकी बघा. हिरवीची लाल झाली असेल तर सर्ज कुठून आला तेही कळेल.

उष्णतेचं आमच्या कोल्हापूर भागातलं एक खास कारण आहे. बहुतेक आरआरयूंना पंखा नसतो, मागच्या धातूच्या उभ्या पात्यांवरून (फिन्सवरून) वर चढणारी हवाच त्यांना थंड करते. साखर कारखान्याच्या आसपास गळीत हंगामात बगॅसची काजळी आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींजवळ वाळूची बारीक धूळ या फटींत बसते. वर दव पडलं की तिचा लेप होतो. मऊ ब्रशने उभ्या दिशेने झाडा. प्रेशरच्या पाण्याचा झोत मारू नका. दोन युनिटं एकाच्या डोक्यावर एक, मध्ये जागा न सोडता बसवलेली असतील तर वरचं नेहमी जास्त तापतं. ती चूक ब्रशने जात नाही, क्लॅम्प सरकवावा लागतो.

डीसी: लोडवर मोजा

रेक्टिफायरवर ५३.५ व्होल्ट दिसले म्हणून वर तेवढे पोचतात असं नाही. हिशेब सोपा आहे. टॉवर ४० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर तांबं. ६ चौरस मिलिमीटरच्या केबलचा रोध साधारण ०.२३ ओहम. युनिट ४०० वॅट घेत असेल तर करंट ७.७ अँपिअर आणि केबलमध्ये पावणेदोन व्होल्ट जातात. इथवर ठीक.

आता लाइट गेली, बॅटरी बँक ४५ व्होल्टवर आली. युनिट तेवढीच पॉवर मागतं, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो: आता ९.३ अँपिअर, वर पोचतात ४२.८ व्होल्ट. यात एखादा लग (तारेच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) सैल असेल आणि तिथे ०.२ ओहम वाढला असेल, तर आणखी दोन व्होल्ट गेले आणि त्या एका सांध्यावर १९ वॅटच्या आसपास उष्णता. बरीच युनिटं ४० व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करतात. लॉगमध्ये 'पीए ऑफ' दिसतं, खरा दोष खाली ब्रेकरच्या स्क्रूत असतो.

म्हणून मोजमाप युनिटच्या टर्मिनलवर, सेक्टर ट्रॅफिकवर असताना आणि जमलं तर रेक्टिफायर बंद करून बॅटरीवर घ्या. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा, नेहमीचा एसी क्लॅम्प शून्य दाखवतो. उणे ४८ व्होल्टच्या सिस्टीममध्ये पॉझिटिव्ह अर्थला असतो हे नव्या पोराला आधी सांगून ठेवा. पंचगंगेला पूर येऊन गेल्यावर नदीकाठच्या साइटवर आणखी एक काम असतं. बुडालेल्या डीसी केबलच्या तारांमधून पाणी केशाकर्षणाने पुढे सरकतं, त्यामुळे कॅबिनेट पुसून कोरडं केलं तरी केबलचं टोक हिरवं पडलेलं सापडतं. तेवढा तुकडा कापून नवा लग क्रिम्प करा.

वर चढल्यावर

चढण्याआधी एनओसीला (नेटवर्कच्या कंट्रोल रूमला) फोन करून सेक्टर लॉक, म्हणजे त्याचं प्रसारण बंद, करून घ्या आणि लॉक झाल्याचं कानाने ऐका. चालू पॉवरवर कनेक्टर सोडला तर बोट भाजतं, पिनवर ठिणगी पडते आणि धड असलेला पीए तुमच्याच हातून जातो. ढग गडगडत असतील तर चढायचंच नाही.

पहिली चाचणी अदलाबदलीची. एकाच युनिटच्या ए आणि बी पोर्टचे जंपर युनिटच्या टोकाला आपसात बदला, अनलॉक करा, पाच-दहा मिनिटं थांबा. अलार्म ए वरून बी वर गेला तर दोष जंपर किंवा अँटेनात. ए वरच राहिला तर युनिटमध्ये. उपकरण लागत नाही, वाद राहत नाही. उतरण्यापूर्वी जंपर जागच्या जागी लावा, नाहीतर पुढच्या माणसाच्या डोक्याला ताप.

दुसरी चाचणी डमी लोडची, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरची. ४० वॅटच्या, म्हणजे ४६ डीबीएमच्या पोर्टला ५० ओहमचा, किमान १०० वॅटचा लोड लावा. लोडवरही व्हीएसडब्ल्यूआर अलार्म राहिला तर युनिटचा कपलर, सर्क्युलेटर (उलटी येणारी पॉवर पीएपासून दूर वळवणारा भाग) किंवा आउटपुट कनेक्टर बघायचा.

जंपर-अँटेनाकडे साइटमास्टर (केबल-अँटेना तपासायचं उपकरण) लावताना ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशन वर गेल्यावर, वापरायच्या त्याच टेस्ट केबलच्या टोकाला करा. खाली सावलीत केलेलं कॅलिब्रेशन वर उन्हात सरकतं. आकडे तोंडपाठ असू देत: व्हीएसडब्ल्यूआर १.५ म्हणजे रिटर्न लॉस (परत येणारी पॉवर जाणाऱ्यापेक्षा किती कमी) १४ डीबी, ४ टक्के पॉवर परत. २ म्हणजे ९.५ डीबी, ११ टक्के. ३ म्हणजे ६ डीबी, २५ टक्के. ४० वॅटच्या पोर्टला ३ असेल तर १० वॅट उलटे येताहेत.

इथे एक फसगत ठरलेली. जुन्या साइटवर रेडिओ खाली आणि अँटेनापर्यंत लांब केबल, म्हणजे फीडर, असतो. फीडरचा लॉस जाताना एकदा आणि येताना एकदा लागतो, म्हणून खालून सगळं गोंडस दिसतं. फीडर आणि जंपर मिळून ३ डीबी लॉस असेल, तर वरचा २.० चा खराब अँटेना खालून १.४ दाखवतो आणि 'ओके' म्हणून पास होतो. लांब फीडरवर खालचा आकडा फार चांगला आला तर खूश होऊ नका, वर जाऊन मोजा.

दोष किती अंतरावर आहे हे बघताना उलटी अडचण येते. स्वीपची (उपकरण तपासतं त्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याची) रुंदी ७५ मेगाहर्ट्झ ठेवली तर दोन दोष वेगळे दिसायला साधारण १.६ मीटर अंतर लागतं, आणि जंपरच दोन मीटरचा. अँटेना काढून टोकाला लोड लावा, १००० मेगाहर्ट्झ रुंद स्वीप घ्या. मग १२ सेंटिमीटरपर्यंतचा फरक कळतो आणि कुठल्या टोकाचा कनेक्टर गेलाय ते बोट ठेवून सांगता येतं. केबलचा वेग-गुणांक (प्रकाशाच्या वेगाच्या तुलनेत केबलमधला सिग्नलचा वेग) तिच्या प्रकाराप्रमाणे भरा: अर्ध्या इंची साध्या फोम केबलला ०.८८, सुपरफ्लेक्सला ०.८२ च्या आसपास.

कनेक्टर बांधणं

पाणी शिरलेला जंपर वाळवून परत लावू नका. आतलं तांबं काळं पडलेलं असतं, तो पुन्हा बोलावतो. नवा लावताना पिन आणि कड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर त्याचं तेल आत राहतं. ७/१६ डिन कनेक्टरला टॉर्क २५ ते ३० न्यूटन-मीटर, ४.३-१० या लहान जातीच्या कनेक्टरला फक्त ५. पान्याचा अंदाज डिनला कमी पडतो आणि ४.३-१० ची वाट लावतो, म्हणून टॉर्क रेंच दोन्हीसाठी वेगळा ठेवा.

टेपिंगमध्ये आत पीव्हीसीचा एक थर, त्यावर ताणून ब्युटाइल टेपचे तीन, वर पीव्हीसीचे तीन. प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढलेला हवा, आणि सगळ्यात वरचा थर खालून वर गुंडाळत न्यायचा. घराच्या कौलांचं गणित इथे लागू: वरचं कौल खालच्यावर, तरच पाणी ओघळून जातं. शेवटचं टोक ओढून तोडू नका, कापा. ताणलेलं टोक आठवड्यात उचलतं. जंपरला युनिटच्या खाली एक वळसा ठेवा, थेंब तिथून गळेल.

पीएच बिघडलाय हे कसं ओळखायचं

डमी लोडवर टेस्ट सिग्नल सोडा, पॉवरसाठी ई-टीएम १.१ (एलटीईचा, म्हणजे ४जीचा, ठरलेला चाचणी सिग्नल). पॉवर ॲटेन्युएटरमधून ॲव्हरेज मोजणाऱ्या सेन्सरने घ्या. जुना डायोडचा वॉटमीटर एलटीई सिग्नलवर चुकीचा आकडा देतो, कारण या सिग्नलची शिखरं सरासरीपेक्षा ८-१० डीबी उंच असतात.

पॉवर ठरल्यापेक्षा बरोबर ६ डीबी कमी असेल आणि पीएत हायब्रिडने जोडलेली जोडी असेल, तर त्यातला एक ट्रान्झिस्टर मेला आहे. निम्मी पॉवर तयारच होत नाही आणि उरलेल्यातली निम्मी कंबाइनरच्या लोडमध्ये जळते.

डोहर्टी पीएचं दुखणं जास्त लबाड. ही रचना १९३६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्समीटरच्या व्हॉल्व्हसाठी निघाली, आज मोबाइल टॉवर तिच्यावर चालतात. यात कॅरिअर ट्रान्झिस्टर कायम काम करतो आणि पीकिंग फक्त शिखरांना जागा होतो. पीकिंग मेला तर कमी लोडला सगळं हिरवं. संध्याकाळी गर्दी झाली की शिखरं कापली जातात, शेजारच्या चॅनेलमध्ये कचरा पडतो. एसीएलआर (शेजारच्या चॅनेलमधली गळती आपल्या सिग्नलपेक्षा किती खाली) ४५ डीबी हवा तिथे ३० च्या घरात येतो, ईव्हीएम (सिग्नलमधल्या चुकीचं माप) ६४-क्वॅम या मॉड्युलेशनच्या ८ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो. म्हणून चाचणी पूर्ण पॉवरला घ्या, निम्म्या पॉवरला घेतलेली 'पास' चाचणी काही सांगत नाही.

डीपीडी, म्हणजे पीएची विकृती आधीच उलटी मिसळून घालवणारं डिजिटल प्रीडिस्टॉर्शन, याचा अलार्म आला म्हणून लगेच पीएला दोष देऊ नका. प्रीडिस्टॉर्शनला आउटपुटचा नमुना परत लागतो. तो आणणारी वाट तुटली तरी हाच अलार्म येतो.

पिम वेगळं प्रकरण. १८०५ आणि १८८० मेगाहर्ट्झच्या दोन कॅरिअरचा (वाहक लहरींचा) तिसऱ्या दर्जाचा पिम (२ × १८०५ − १८८०) १७३० ला पडतो, म्हणजे थेट आपल्याच अपलिंकमध्ये (मोबाइलकडून टॉवरकडे येणाऱ्या पट्ट्यात). तिथे पीए निर्दोष असतो. गंजका क्लॅम्प आणि ढिला कनेक्टर शोधा.

वर्कशॉपमध्ये

युनिट साइटवर उघडायचं नाही; सील एकदा तुटलं की पाऊस आत. टेबलावर ईएसडी (स्थिर वीज जमिनीत सोडणारा) पट्टा बांधून आधी मल्टिमीटर. एलडीमॉस (सिलिकॉनच्या) ट्रान्झिस्टरचं ड्रेन-सोर्स शॉर्ट किंवा गेट-सोर्स काही ओहमवर आलं तर तो गेला. तो बदलण्याआधी का गेला ते बघा: जळका सर्क्युलेटर लोड, तडकलेला आउटपुट चिप कपॅसिटर, फ्लँजखालचं सुकलेलं ग्रीस. कारण तसंच ठेवलं तर नवाही जाईल. जुन्या ट्रान्झिस्टर आणि लोड रेझिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, त्याची धूळ विषारी. घासू नका, फोडू नका.

बायस देताना एलडीमॉसला आरएफ न देता, करंट लिमिट लावून, गेट शून्यापासून हळूहळू वर घ्या आणि डेटाशीटमधल्या आयडल करंटला थांबा. गॅन (गॅलियम नायट्राइड) ट्रान्झिस्टरचा क्रम चुकला तर क्षणात राख: आधी गेटला उणे ५ व्होल्ट, मग ड्रेनला ४८, मग गेट हळूहळू वर. बंद करताना नेमका उलट क्रम.

उतरवलेल्या प्रत्येक युनिटला चिठ्ठी बांधा: अलार्म किती वाजता यायचा, वर लोडवर किती व्होल्ट होते, अदलाबदलीत अलार्म हलला का, डमी लोडवर काय झालं. चिठ्ठी नसेल तर वर्कशॉपमध्ये ते युनिट पंख्याखाली २७ अंशांत तासभर नीट चालतं आणि 'दोष नाही' असा शिक्का घेऊन पुन्हा टॉवरवर जातं.