कोचला काढा म्हणण्याआधी वही काढा

मार्चमधल्या त्या रविवारी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ संघांची नावं जाहीर झाली आणि त्यात आमचं विद्यापीठ सलग तिसऱ्या वर्षी नव्हतं. २००९ मध्ये नागपूरहून एमएससाठी आलो तेव्हापासून मी या संघाचा. या खेळाचं वेड इथेच लागलं. कोचवर माझा राग आहे, पण नुसत्या रागाला कोणी विचारत नाही. म्हणून दोन सीझन मी एक चौकडीची वही ठेवली. तुमचाही जीव असाच जळत असेल, तर ती कशी ठेवायची ते सांगतो.

आधी तीन वर्षांपूर्वीच्या खेळाडूंची यादी लिहा आणि पुढे कोण राहिलं, कोण गेलं. नुसता गेलेल्यांचा आकडा पाहून कोचला दोष देऊ नका. २०२१ पासून कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं, त्याच जुलैपासून मुलांना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा मिळाली, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. मुलं सगळीकडूनच जातात. बघायचं ते हे, की आपल्याकडे बेंचवर बसलेला मुलगा दुसरीकडे जाऊन काय करतो. आमचे तीन गार्ड, म्हणजे बॉल हाताळून पुढे नेणारे, गेले आणि तिघेही आज आपापल्या संघात पहिल्या पाचात आहेत. हे मला फार लागलं.

मग नव्या भरतीकडे वळा. रिक्रूटिंगवाल्या वेबसाइट शाळकरी खेळाडूंना जे स्टार देतात, ते मोजत बसू नका. आज एनबीएमध्ये गाजलेल्या स्टीफन करीला मोठ्या कॉलेजांनी विचारलं नव्हतं. तो छोट्याशा डेव्हिडसनला गेला आणि २००८ मध्ये त्या संघाला शेवटच्या आठात घेऊन गेला. गेला तो कुठल्या जागेवर खेळायचा आणि आला तो कुठल्या, एवढंच शेजारी शेजारी लिहा. आमच्या कोचने गेल्या वसंतात बास्केटजवळ खेळणारे चार उंच फॉरवर्ड आणले आणि बॉल हाताळणारा एकच. जानेवारीत त्याचा घोटा मुरगळला, आणि उरलेला सीझन आम्ही बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे नेण्यातच घालवला. याला दुर्दैव म्हणायला मी तयार नाही. एप्रिलमध्येच हे कागदावर दिसत होतं.

राहिलेल्या प्रत्येकाचे आकडे वर्षागणिक लिहा. व्हिलानोव्हा विद्यापीठाचा मिकाल ब्रिजेस पहिलं वर्ष खेळलाच नाही. मग सामन्यामागे ६.४ गुण, पुढे ९.८, नंतर १७.७, आणि २०१८ चं विजेतेपद. मुलगा घडवणं म्हणतात ते हे.

नेतृत्व मात्र आकड्यांत सापडत नाही, त्यासाठी टाइमआउट बघावे लागतात. प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतर खेळ थांबताच टीव्हीचा ब्रेक होतो. तेव्हा पॉपकॉर्नला उठू नका. कोच कोणाशी बोलतो, मुलं कुठे बघतात, आणि परतल्यावर पहिल्या दोन चाली कशा होतात, ते टिपा. फेब्रुवारीतला एक सामना माझ्या वहीत आहे. आम्ही चार गुणांनी पुढे, शेवटचा ब्रेक. कोच मुलांकडे पाठ करून रेफरीवर ओरडत राहिला. पहिल्या वर्षाचा मुलगा टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला, आणि सीनियर गुडघ्यावर बसून लाकडी फरशीवर बोटाने चाल काढून दाखवतोय. खेळ सुरू झाला, बॉल पाच सेकंदांत रेषेबाहेरून आत टाकायचा होता; ते पाच सेकंद संपले तरी कोणी मोकळं झालं नाही. बॉल त्यांना. सामनाही त्यांना.

थोडा धीर धरा, असं मला सगळेच सांगतात. ड्यूक विद्यापीठात पुढे दिग्गज ठरलेले कोच माईक शशेफ्स्की यांची पहिली तीन वर्षं ३८ विजय, ४७ पराभव अशी गेली. तिसऱ्या वर्षी तर ११-१७. पण त्याच वर्षी डॉकिन्स, अलारी, बिलास, हेंडरसन ही पोरं पहिल्या वर्षाला होती, आणि तीच १९८६ मध्ये फायनल खेळली. हरत असताना काहीतरी उभं राहत होतं. आपल्या वहीत असं काही उभं राहताना दिसलं, तर खुशाल थांबा. मला माझ्या वहीत ते दिसत नाही.

एवढं झाल्यावर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना पत्र लिहा. कोचच्या घरच्यांवर एक अक्षर नको. आणि खेळाडूंना मेसेज तर अजिबात नको. एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत. हरल्यावर कोणाकोणाच्या शिव्या फोनवर येत असतील, या विचारानेच मला कसंतरी होतं. मागणी नेमकी ठेवा. मी दोनच केल्या: येत्या भरतीत बॉल हाताळणारे किमान दोघं, आणि टाइमआउटची सूत्रं सांभाळू शकेल असा एक अनुभवी असिस्टंट.

माझं पत्र दीड पानाचं झालं. सुरुवात त्या पाच सेकंदांपासून केली. पुढच्या सीझनच्या तिकिटांचे पैसेही भरलेत. नोव्हेंबरमध्ये अठराव्या रांगेत, बेंचच्या बरोबर समोर, नवी वही घेऊन असेन.