जुना मिनी पोकलेन घेताना: थंड इंजिनापासून गरम ऑइलपर्यंतची तपासणी

कलमांसाठी खड्डे, उतारावर समतल चर, विहिरीपासून घरापर्यंत पाईपलाईन, पावसाळ्यात ढासळलेला गडगा. अशी कामं दरवर्षी निघायला लागली की भाड्याच्या मशीनची वाट बघण्यापेक्षा एखादा जुना मिनी पोकलेन (चेनवर चालणारं छोटं खोदकाम मशीन) आपलाच घ्यावा असं वाटतं. विचार वाईट नाही. पण जुन्या मशीनची तब्येत रंगावरून किंवा अंगणातल्या पाच मिनिटांच्या फेरीवरून कळत नाही. मशीन पूर्ण थंड असताना चालू करायचं आणि हायड्रॉलिक ऑइल (ज्याच्या दाबावर मशीनचे हात हलतात) चांगलं तापेपर्यंत त्याच्याकडून खणून घ्यायचं, तेव्हाच ती कळते. विकणाऱ्याकडे यासाठी अर्धा दिवस मागा. तो तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

१. आधी काम मोजा

शंभर खड्डे, प्रत्येकी १ मीटर लांब, रुंद आणि खोल. मऊ मुरुमात एका खड्ड्याला दहा-पंधरा मिनिटं धरली तरी हे काम तीन-चार दिवसांत आटोपतं. पुढच्या पाच वर्षांतली सगळी कामं अशी तासांत मांडा, तुमच्या भागातल्या तासाच्या भाड्याने गुणा आणि मग मशीनची किंमत, डिझेल, दुरुस्ती आणि ऑपरेटरचा पगार शेजारी लिहा. पुष्कळदा भाडंच परवडतं, आणि तसं दिसलं तर खुशाल भाड्याने घ्या.

घ्यायचंच ठरलं तर आकार ठरवा. दीड-पावणेदोन टनांचं मशीन साधारण १ मीटर रुंदीच्या वाटेतून जातं आणि सात फुटांच्या आसपास खोल खणतं. तीन-साडेतीन टनांचं नऊ-दहा फुटांपर्यंत जातं, पण त्याला दीड-पावणेदोन मीटरची वाट लागते. फाटक आणि पाणंद टेपने मोजूनच बाहेर पडा. जमिनीत कातळ किंवा कठीण जांभा असेल तर नुसत्या बकेटने भागणार नाही. ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लागेल, म्हणजे ब्रेकरची ऑइल लाइन असलेलं मशीन बघावं लागेल.

२. थंड इंजिन

जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत मशीन चालू करू नका.’ पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. कोमट असेल तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवलंय. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायला कंटाळू नका.

इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको, आणि डिपस्टिकवरचं इंजिन ऑइल दुधाळ नको. मग सुरू करायला सांगा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही तो राहिला तर शंका घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. जोर लावल्यावर सतत काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर किंवा इंजेक्टर बघावे लागतील. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. तिथून भकाभका वाफ-धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे.

३. सांधे, चेन आणि बूम

बकेट जमिनीपासून थोडी वर ठेवून इंजिन बंद करायला सांगा आणि बकेट हाताने आडवी हलवा. पिन-बुशमध्ये (सांध्यातली दांडी आणि तिच्याभोवतीची नळी) थोडी खुळखुळ असते, ती बुश बदलून जाते. भोकंच लांबट झाली असतील तर नुसते नवे बुश टिकत नाहीत, बोअरिंग करून घ्यावं लागतं आणि खर्च वाढतो. मिनी पोकलेनमध्ये बूम (धडाला जोडलेला मोठा हात) मुळाशी डावी-उजवीकडेही वळतो. त्या सांध्याकडे लोक बघतच नाहीत, आणि झीज तिथेच जास्त सापडते.

आता बकेट जमिनीवर दाबून पुढची बाजू किंचित उचला आणि पुन्हा खाली सोडा, दोन-तीन वेळा. वरचं धड आणि खालची चेसिस यांच्या मधल्या फटीवर नजर ठेवा. वरचं धड तिथे डुलत असेल तर ते धड ज्यावर फिरतं ते स्विंग बेअरिंग झिजलेलं आहे. घरच्या कामाच्या मशीनसाठी हा खर्च फार जड पडतो. त्यामुळे असं मशीन मी सोडून देईन.

रबर ट्रॅक (रबराची चेन) असेल तर कडा फाटल्यात का, आतल्या तारा बाहेर आल्यात का ते बघा. धारदार दगडावर चाललेला ट्रॅक लवकर फाटतो. स्प्रॉकेटचे (ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे) दात टोकदार झालेत का, रोलर गळतात का, तेही बघा. बूम आणि आर्मवर (बूमपुढचा बकेटचा हात) नव्या रंगाखाली वेल्डिंगचे उंचवटे बोटांनी चाचपा. ब्रेकर भरपूर चाललेल्या मशीनच्या आर्मला तडे जातात, म्हणून ब्रेकर किती वापरला हे स्पष्ट विचारा.

अवर मीटर बदलता येतो. मीटर दोन हजार तास दाखवतोय आणि पॅडलचं रबर गुळगुळीत, सीट फाटलेली, जॉयस्टिकवरची चिन्हं पुसलेली असतील, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

४. गरम ऑइल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तास-दीड तास खरोखरचं खणायला लावा. हायड्रॉलिक पंप झिजलेला असला तरी ऑइल थंड आणि घट्ट असेपर्यंत मशीन जोरात चालतं. ऑइल तापून पातळ झालं की झिजलेल्या पंपातून आतल्या आत गळती वाढते आणि बूमची हालचाल व धडाचं फिरणं (स्विंग) मंदावतं. म्हणून बूम जमिनीपासून पूर्ण वर जायला किती सेकंद लागतात ते सुरुवातीला मोबाईलवर मोजा आणि शेवटी पुन्हा मोजा. फरक मोठा असेल तर पंप किंवा व्हॉल्व्हचं काम निघणार.

मशीन गरम असतानाच सपाट जागी दोन्ही ट्रॅव्हल लिव्हर (मशीन चालवायचे दांडे) पूर्ण पुढे ढकलून वीस-पंचवीस मीटर चालवा. सरळ न जाता एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही ट्रॅकचा ताण सारखा आहे का बघा. ताण सारखा असूनही ओढत असेल तर त्या बाजूच्या ट्रॅव्हल मोटरवर संशय घ्या. मग बूम वर ठेवून इंजिन बंद करा, बकेटची उंची मोजा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. किंचित उतरणं चालतं, वीतभर उतरली तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. चेसिसच्या बरोबर मधोमध ऑइल ठिबकत असेल तर सेंटर जॉइंट (फिरत्या धडातून खाली ऑइल नेणारा सांधा) बघायला हवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. होस पाईपची गळती कधीही हाताने चाचपू नका. दाबाखालची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात कापावा लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पुठ्ठा पुढे धरून बघा. वर उचललेल्या बूमखाली कोणालाही उभं राहू देऊ नका.

५. कागद आणि भाव

चेनवरच्या मशीनला बहुधा आरसी बुक नसतं, त्यामुळे मूळ बिल हाच मालकीचा मुख्य पुरावा. प्लेटवरचा आणि चेसिसवर कोरलेला नंबर, इंजिन नंबर आणि बिल जुळवा. कर्ज होतं का? असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आधी, टोकन नंतर. विनापरवाना उत्खननात मशीन कधी जप्त झालं होतं का, हेही विचारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली महसूल खातं अशी मशीन ताब्यात घेऊ शकतं. तुमच्या बागेतला मुरुम बाहेर नेणार असाल तर तुम्हालाही आधी तहसील कार्यालयात विचारावं लागेल.

भाव करण्याआधी सापडलेले दोष लिहून काढा आणि मशीनचा सिरियल नंबर देऊन स्पेअर पार्टवाल्याकडून दर घ्या. ट्रॅकची जोडी आणि सील किट मिळतील का, किती दिवसांत, हे त्याच वेळी कळतं. परदेशातून वापरलेल्या अवस्थेत आलेल्या काही मॉडेलांचे पार्ट इथे सहज मिळत नाहीत. दर स्वस्त वाटला तरी अशा मशीनपासून लांब राहिलेलं बरं. दुरुस्तीचा खर्च आणि ट्रेलरचं भाडं किमतीतून वजा करून मगच आकडा सांगा.

मशीन घरी उतरलं की सगळी ऑइलं आणि फिल्टर बदला. जुना हायड्रॉलिक रिटर्न फिल्टर फेकू नका, फिटरकडून कापून उघडा आणि त्याच्या घड्या उन्हात पसरून बघा. चकाकणारे धातूचे कण दिसले तर पंप आणि मोटर तपासून होईपर्यंत मशीन कामाला लावू नका.