घर आणि प्राणी कोणावर सोपवायचे, हे ठरवण्याआधी

बाहेरगावी जाताना घरी राहून कुत्र्या-मांजराला सांभाळणारं माणूस हवं असतं, पण नुसत्या फोनवरच्या बोलण्यावरून ते कसं आहे हे कळत नाही.

१. आधी घरी बोलवा आणि तुम्ही बाजूला बसा. आल्या आल्या मांजर उचलून घेणाऱ्यापेक्षा जमिनीवर बसून, हात पुढे धरून तिला वास घेऊ देणारं माणूस केव्हाही बरं.

२. रोजचं एखादं काम तुमच्यासमोर करून घ्या. गोळी द्यायची असेल तर सांगा, ‘तुम्हीच द्या.’ ती खरंच गिळली की गालात धरून ठेवलीय, हे ते स्वतःहून बघतात का? माझ्या मते ही सगळ्यात खरी परीक्षा. पट्टा घालून झाल्यावर तो मानेतून निसटत नाही ना, हे ओढून बघणाराही असाच भरवशाचा.

३. त्यांचे प्रश्न ऐका. दार उघडलं की पळतो का, कशाला घाबरतो, डॉक्टर कोण, हे विचारायलाच हवं.

४. आधी जिथे राहिले त्यांना फोन करून एकच विचारा: ‘परत बोलवाल का?’ उत्तराआधी ते थांबले, तर कारण विचारा.

५. मोठ्या प्रवासाआधी एक रात्र त्यांना एकट्याने राहू द्या.

एक मात्र लिहूनच ठेवा: मांजरीने २४ तास काहीच खाल्लं नाही, तर वाट न बघता डॉक्टर. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. उपचारांच्या खर्चाची परवानगी डॉक्टरांकडे आधीच देऊन ठेवा.