ओळ अर्धी सोडा आणि थांबा : स्वमग्न मुलासोबत घरी गाणं कसं करावं

मोबाइलवर ‘ऑटिझमसाठी अमुक राग’ लावून मुलाशेजारी ठेवा, हा सल्ला ऐकून आलेले आईवडील मला सारखे भेटतात. कुणी खानापूरचे, कुणी येळ्ळूरचे, परवा एक जोडपं निपाणीहून आलं होतं. तीन तासांची चित्रफीत, खाली तंबोरा, वर बासरी. मूल शांत बसतं हे खरं, पण फिरत्या पंख्याकडे बघतानाही ते तितकंच शांत बसतं. दोघांनी मिळून काहीतरी करावं, एकाने टाकलेलं दुसऱ्याने झेलावं, यासाठी गाणं हवं आहे. ते मोबाइलला जमत नाही. मोबाइल कुणासाठी थांबत नाही.

मी बेळगावच्या शहापुरात पेटी आणि गाणं शिकवते. थेरपिस्ट नाही. माझा भाचा तीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे हे कळलं, आणि त्याच्यासोबत जे चुकत-माकत शिकले तेच पुढे ओळखीपाळखीतल्या मुलांसोबत करत आले. तुमच्या मुलाची कानाची तपासणी झाली आहे आणि स्पीच थेरपी चालू आहे, असं धरूनच पुढचं लिहिते. गाण्यासाठी ती बंद करायची नाही.

आधी अपेक्षा नीट ठेवा. नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच महिन्यांच्या संगीतोपचारानंतर लक्षणं मोजायच्या मापावर ठळक फरक दिसला नाही. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०२२ च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि ११६५ जण एकत्र धरले, तेव्हा संगीतोपचार घेणाऱ्यांमध्ये एकंदर सुधारणेची शक्यता जास्त दिसली, जगण्याचा दर्जाही थोडा बरा. दोन्ही ठिकाणी शिकलेला माणूस मुलासमोर बसून गात-वाजवत होता. ऑटिझम हा काही ताप नव्हे, गाण्याने उतरायला. मुलाचा दिवस सोपा होतो आणि तुमचं-त्याचं एक दार उघडतं. मला तेवढं पुरतं.

पहिले चार-पाच दिवस काही वाजवू नका

फक्त ऐका. मूल कोणत्या आवाजाकडे धावतं, कोणत्या आवाजाला कान झाकतं, स्वतःशी काय गुणगुणतं, ते वहीत लिहा. निपाणीच्या त्या मुलाबद्दल त्याची आई म्हणाली, “याला गाण्यात काही रस नाही.” तो माझ्या दारात उभा राहून पितळी डब्यावर बोटाने टण-टण करत होता. दोन ठोके, मग थोडं थांबून एक. मला कळायला वेळ लागला. त्यांच्या रस्त्यावर दोन्ही राज्यांच्या बस धावतात. आपल्या कर्नाटकातला कंडक्टर शिट्टी मारतो, महाराष्ट्राच्या एसटीतला दोरी ओढून घंटी देतो. डबल बेल म्हणजे चला, सिंगल म्हणजे थांबा. मूल एसटी वाजवत होतं. आमचा पहिला खेळ तोच झाला: त्याने दोन ठोके दिले की मी गायचं, एक दिला की गप्प. त्याच्या आईने पहिल्यांदाच त्याला कुणाकडे बघून हसताना पाहिलं.

वेळ आणि जागा

रोज एकाच वेळी, एकाच चटईवर, दहा मिनिटं. टीव्ही, मिक्सर, पंखा बंद.

वाद्य

नवीन काही विकत आणू नका. टाळ तर नकोच, त्याचा आवाज यातल्या बऱ्याच मुलांच्या कानात सुईसारखा जातो. ढोलकी जमिनीवर आडवी ठेवून त्यावर मुलाचा तळहात ठेवा आणि दुसऱ्या बाजूला हलकेच वाजवा. आवाज आवडत नसला तरी थरथर आवडते.

पेटी असेल तर सोनं. भाता मुलाच्या हातात द्या, पट्ट्या तुमच्या. त्याने भाता हलवला नाही तर तुमची पट्टी मुकी, तुम्ही पट्टी दाबली नाही तर त्याचा भाता मुका. एक सूर काढायला दोघं लागतात, आणि हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. घड्या उघडतात-मिटतात ते बघायला मुलांना फार आवडतं. पहिले आठ दिवस तो नुसत्या घड्याच बघेल. बघू द्या.

एकच पट्टी धरा

गाणं रोज त्याच सुरातून सुरू करा. माझी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, तुमची जी असेल ती, पण आज एक, उद्या दुसरी असं करू नका. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये लिहिलं. त्यातलाही एक मुलगा वर्षाचा असतानाच चाली बिनचूक गुणगुणायचा. अशी मुलं आपल्याकडेही आहेत. एकदा माझी पेटी दुरुस्तीला गेली म्हणून शेजारची आणली. ती किंचित उतरलेली. भाच्याने पहिल्या सुरालाच कान झाकले आणि पेटी पायाने ढकलली. मी त्याला रागावले. नंतर दोन्ही पेट्या शेजारी ठेवून वाजवल्या तेव्हा समजलं, त्याचं बरोबर होतं.

अशा मुलाचा कान कळला की आईवडिलांचे डोळे चमकतात. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली इथल्याच सुळेभावीचा, त्यामुळे “आमचाही गवई होईल का?” हा प्रश्न येतोच. झाला तर आनंदच आहे. पण त्या आशेने आताच त्याला स्टेजवर चढवू नका, दहा मिनिटांची परीक्षा होऊन बसते.

आधी त्याची नक्कल करा

तो ठोकेल तसं ठोका, तो गुणगुणेल तसं गुणगुणा. चार-पाच दिवसांत तो मुद्दाम लय बदलून तुमच्याकडे बघेल. तेव्हाच पुढे जा.

ओळ अर्धी सोडून थांबणं

सगळे इथेच अडकतात. मी सात महिने अडकले होते.

रीत ऐकायला सोपी आहे. रोजच्या एखाद्या कामाची दोन ओळींची चाल बांधा. आमची आंघोळीची होती:

तांब्या भरला, पाठीवर ओतला,
बाळ माझा भिजला.

चाल साधी, शेवटचा ‘ला’ सा वर येऊन टेकणारा. महिनाभर रोज पूर्ण म्हणा, आंघोळीच्या वेळीच म्हणा. चाल मुलाच्या अंगात मुरली की एक दिवस “बाळ माझा…” इथे थांबा. शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडा.

मी थांबायचे, पण एक सेकंद. गाणाऱ्या माणसाला मधली शांतता सहन होत नाही, मात्रा चुकल्यासारखी वाटते. लगेच मीच ‘भिजला’ म्हणून टाकायचे. नाहीतर त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन “म्हण की, म्हण की रे, भि… भि…” असं सुरू करायचे. मागून त्याची आजीही “म्हण की बाळा” म्हणायची. तो मान वळवून नळाकडे बघायचा. सात महिने.

न्हाणीला लागून आमचं स्वयंपाकघर. एका सकाळी “बाळ माझा” पर्यंत आले आणि कुकरची शिट्टी सुरू झाली. शिट्टीवर ओरडून काय गायचं, म्हणून भरलेला तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. शिट्टी संपली, वाफ फुसफुसत राहिली, आणि खालून एक बारीक आवाज आला. “अं…” ओठ मिटलेले. शब्द नव्हताच. मी तांब्या ओतला आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी गाताना अंगावर काटा आला. तो ‘अं’ बरोबर सा वर होता. ओळ जिथे टेकते तिथेच त्याने ती टेकवली होती. मी शब्दासाठी कान लावून बसले होते आणि तो सुरात उत्तर देत होता. आधी किती वेळा दिलं असेल आणि मी त्याच्यावरून गाऊन गेले असेन, हे आठवलं की आजही जीव तुटतो.

म्हणून आता मी थांबण्याच्या बाबतीत फार कडक आहे. आईवडिलांना हे सगळं करायलाच लावते.

मनात केरवा या तालाची तीन आवर्तनं, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्या, मोजा. भजनी लयीत आठ-आठ मात्रांची तीन आवर्तनं म्हणजे साधारण दहा सेकंद. पहिल्यांदा ते दहा तासांसारखे वाटतात. यातल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं आत पोचून उत्तर बाहेर यायला वेळ लागतो. तुम्ही मध्येच पुन्हा विचारलंत की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घाई करून तुम्हीच त्याचं उत्तर पुसत असता.

थांबताना त्याच्या डोळ्यांत बघू नका, हातांकडे बघा. उत्तर बऱ्याचदा हातातच येतं: बोट हलतं, तांब्याकडे हात जातो, फडफडणारे हात एकदम स्थिर होतात. श्वास आत ओढला तर तेही उत्तर. सूर, अर्धं अक्षर, नजर, काहीही आलं की त्याच क्षणी ओळ पूर्ण करा आणि पाणी ओता. टाळ्या नकोत, “शाब्बास” ओरडणं नको. मी एका मुलीच्या पहिल्या शब्दाला आनंदाने किंचाळले होते, तिने पुढे तीन आठवडे तोंड उघडलं नाही. पाठीवर पडणारं पाणी हेच त्याचं बक्षीस.

तीन आवर्तनं झाली आणि काहीच आलं नाही, तर शांतपणे शब्द म्हणा आणि पुढे चला. चेहऱ्यावर निराशा दिसू देऊ नका. प्रत्येक ओळीला थांबू नका, चारांतून एकदा पुरे. आणि ओळीच्या मधेच कधीही तोडू नका. थांबायचं ते शेवटच्या शब्दाच्या तोंडाशी. चाल सा कडे निघालेली असते, ती लटकत राहिली की त्यालाही ती पूर्ण करावीशी वाटते. ‘तांब्या…’ वर थांबलात तर ती ओढच लागत नाही.

शब्द आला की पाहुण्यांसमोर “काकांना म्हणून दाखव” करू नका. याबाबत मी कुणाचंच ऐकत नाही.

गाण्यातला शब्द गाण्याबाहेर आणणं

चाल हळूहळू सपाट करा. आधी गा, काही दिवसांनी तोच ठेका धरून बोला, मग नुसतं बोला. भाचा पुढे पाऊस आला की खिडकीत उभा राहून “भिजला” म्हणायचा. एखादं मूल दिवसभर तीच ओळ घोकत बसलं तर त्याला गप्प करू नका. त्याच ओळीत तुम्ही एक शब्द बदलून म्हणा, ‘पाठीवर’ ऐवजी ‘पायावर’, आणि बघा.

मराठी की कन्नड?

एका ठिकाणी भाच्याच्या आईला सांगितलं होतं की घरी मराठी बंद करा, शाळा कन्नड आहे, दोन भाषांनी मूल गोंधळतं. तिने ऐकलं. मोडक्या कन्नडमध्ये बोलता बोलता तीच मुलाशी कमी बोलू लागली, गाणं तर बंदच झालं. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांच्या घरात वाढणारी ऑटिझमची मुलं त्यामुळे बोलण्यात आणखी मागे पडतात, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. ज्या भाषेत तुमच्या तोंडी आपोआप गाणं येतं त्या भाषेत गा. खानापूरकडची एक आजी मला म्हणाली, “मी तर रोज गातो की गं त्याच्यासंगं, चुकलं काय?” काही चुकलं नाही, आजी. गावातल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं टाळ धरलेली ती बाई माझ्यापेक्षा चांगली थांबायची. आणि मूल पाण्याला ‘नीरु’ म्हणालं तर तांब्यात नीरु घाला, गाणं अडत नाही.

केव्हा गायचं नाही

मूल आकांत करत असताना गाऊ नका. त्या वेळी तुमचा गोड आवाजही आणखी एक गोंगाट असतो. दिवा मंद करा, गर्दी बाहेर काढा आणि जवळ गप्प बसा.

गणपतीत बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डॉल्बीने खिडक्या हादरतात. “सवय होईल” म्हणून मुलाला खांद्यावर घेऊन उभे राहणारे बाप मी पाहिले आहेत. अशी सवय होत नाही, भीती बसते, आणि मग घरातली ढोलकीसुद्धा नको होते. ते दोन दिवस गावाकडे जा किंवा आतल्या खोलीत कानावर हेडफोनसारखी येणारी इअरमफ घालून ठेवा. नंतर आठवडाभर ढोलकी काढू नका, पेटीपासून सुरू करा.

दुसऱ्याच्या हाती देणं

मूल एकट्या आईसोबत गाऊ लागलं की वडील, आजी, ताई यांना एकेक करून चटईवर आणा. निपाणीच्या त्या कुटुंबाला मी एका कागदावर एवढंच लिहून दिलं: पट्टी काळी चार, ओळीचे शब्द, कुठे थांबायचं, तीन आवर्तनं. कागद त्यांनी न्हाणीच्या दाराला आतून चिकटवला. पाण्याने शाई पसरली म्हणून गेल्या महिन्यात दुसरा मागून नेला, तेव्हा सोबत आलेला मुलगा माझ्या पेटीजवळ बसला आणि भाता धरून त्याने “बाळ माझा…” म्हटलं. मग थांबला. माझ्या हातांकडे बघत होता. असं झालं की तुम्ही तीन आवर्तनं मोजत बसू नका, लगेच शब्द म्हणा.