सेंडर एका जातीचा, गेज दुसऱ्या जातीचं: घरी बांधलेल्या विमानातलं इंधनमापन

टाकीतला सेंडर (पातळी ओळखणारा भाग) आणि समोरचं गेज (काट्याचं मापक), दोन्ही वस्तू नव्या, दोन्ही ठणठणीत, तरी टाकी रिकामी असताना काटा 'फुल'वर. नवख्यांना इथे सेंडरच बिघडला असं वाटतं. बहुतेक वेळा फक्त ओहम, म्हणजे विद्युत रोधाचे आकडे, जुळत नसतात. अमेरिकी पद्धतीचा फ्लोट (इंधनावर तरंगणारा गोळा) असलेला सेंडर रिकाम्या टाकीत 240 आणि भरलेल्या टाकीत 33 ओहम दाखवतो. युरोपीय पद्धतीत 10 म्हणजे रिकामी, 180 म्हणजे भरलेली. काही जुनी गेजं 0 ते 90 वर चालतात. म्हणजे आकडे तर वेगळे आहेतच, काही जोड्यांत दिशाही उलटी.

सेंडर टाकीत बसवण्याआधी टेबलावर ठेवून त्याला मल्टिमीटर लावा. फ्लोटचा दांडा हाताने सावकाश वर न्या आणि निदान पाच ठिकाणचे ओहम लिहून ठेवा. आकडा मध्येच उडी मारत असेल तर आतला ट्रॅक (रोधाची पट्टी) झिजलेला आहे. तो सेंडर वापरू नका. काही सेंडरमध्ये दांडा काढून उलट्या बाजूने बसवता येतो, मग दिशा सुलटते. सेंडरच फिरवून बसवू म्हणाल तर आधी फ्लँज (टाकीवर स्क्रूने बसणारी चकती) पाहा: पाच भोकांच्या नेहमीच्या फ्लँजमध्ये भोकं समान अंतरावर नसतात, म्हणून ती फिरवून बसत नाही.

रेझिस्टर जोडून जुळवून घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. 10–180 चा सेंडर 0–90 च्या गेजला लावायचा म्हणून समांतर 180 ओहम टाकला, की भरलेल्या टाकीला बरोबर 90 मिळतात. पण अर्ध्या टाकीला सेंडर 95 देतो आणि समांतर जोडणीत त्याचे सुमारे 62 होतात. गेज सरळ प्रमाणात चालतं असं धरलं, तर अर्धी टाकी दोन-तृतीयांशाहून जास्त दिसते, आणि रिकाम्या टाकीतही काटा दहाव्या हिश्शावर राहतो. चूक इंधन जास्त दाखवण्याकडे जाते. विमानात ही जोडणी नकोच.

त्यापेक्षा कॅलिब्रेशनची (आकडे आणि लिटर जुळवून घेण्याची) सोय असलेला इंजिन मॉनिटर, म्हणजे इंजिन-इंधनाचे आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक पडदा, घ्या. सेंडरला 5 व्होल्ट 470 ओहमच्या रेझिस्टरमधून द्या: सेंडरवर 240 ओहमला सुमारे 1.69 व्होल्ट मिळतात, 33 ला 0.33. तार तुटली तर थेट 5 व्होल्ट दिसतात, म्हणून 2 व्होल्टच्या वरचं काहीही बिघाड समजायचं, तशी सूचना मॉनिटरमध्ये लावता येते. साध्या गेजला ही सोय नसते. तिथे 240–33 ची जोडी बरी, कारण तार तुटली की काटा 'रिकामी'कडे जातो. 10–180 मध्ये तीच तुटलेली तार भरलेली टाकी दाखवते. सेंडरला थेट 12 व्होल्ट कधीही देऊ नका.

अर्थिंगने जितका वेळ खाल्ला जातो तितका दुसऱ्या कशानेच नाही. सीलंट लावलेल्या फ्लँजमधून अर्थ मिळेलच असं नाही. आज मिळाला तरी गंज चढला की आकडे सरकतात. फ्लँजच्या स्क्रूवरून वेगळी तार काढून गेजच्याच अर्थ बिंदूला जोडा.

कॅलिब्रेशन उड्डाणातल्या समतल स्थितीतच करायचं. टेलड्रॅगर (जमिनीवर शेपटी खाली टेकवून उभं राहणारं विमान) असेल तर शेपटी उचलून घोडीवर ठेवा. टाकी पूर्ण उपसा, आधी न वापरता येणारं इंधन ओता आणि तो बिंदू शून्य धरा. मग 5-5 लिटर मोजून ओता, पृष्ठभाग शांत होऊ द्या, आकडा नोंदवा. ओतताना टाकी, डबा आणि नरसाळं बाँडिंगच्या तारेने (स्थिर विजेची ठिणगी टाळणारी तार) जोडलेली हवीत. पंखांना वर चढ असेल आणि सेंडर बुंध्याशी असेल, तर टाकी भरण्याच्या बऱ्याच आधी फ्लोट छताला टेकतो. त्यापुढे ओतलेलं इंधन गेजला दिसत नाही, आणि उडताना काटा बराच वेळ 'फुल'वरच अडकल्यासारखा वाटतो. तो दोष नव्हे, भूमिती आहे. नोंदींच्या टेबलमध्ये (तक्त्यात) तिथे 'अमुक लिटर किंवा जास्त' असंच लिहा.

कपॅसिटिव्ह प्रोबमध्ये (विद्युत धारितेवरून पातळी मोजणारी सळई) फ्लोटची कटकट नाही, पण त्याचा आकडा इंधनाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर (धारिता किती पट वाढते ते सांगणारा आकडा) अवलंबून असतो. पेट्रोलचा सुमारे 2, इथेनॉलचा 24 च्या आसपास. शुद्ध पेट्रोलवर कॅलिब्रेट केलेला प्रोब इथेनॉल-मिश्रित इंधनात जास्त पातळी दाखवतो. इंधन बदललं की नवं टेबल करा, आणि उड्डाणाआधी टाकीत खुणा केलेली काठी घालून आकडा पडताळा.