मॅटलॅबचा कोड सी-मध्ये न्यायच्या आधी फंक्शन हँडल तपासा

मॅटलॅबमध्ये व्यवस्थित चालणारा कोड मॅटलॅब कोडरने (मॅटलॅबच्या कोडवरून सी भाषेतला कोड बनवणारं साधन) सी-मध्ये उतरवायला घेतला आणि फंक्शन हँडलपाशी, म्हणजे @ लावून चलात ठेवलेल्या फंक्शनच्या संदर्भापाशी, माझे दोन दिवस गेले. उत्तरं सगळी बरोबर येत होती, म्हणून सी-लाही हे चालेल असं मी धरून बसलो. तुम्ही तसं धरू नका, बिल्डला लावण्याआधी एवढं बघा.

इनपुटचे आकार आणि प्रकार आधी ठरवून द्यायचे, हे तुम्हाला माहीत आहेच. पुढे चला.

पूर्ण कोडमध्ये @ हे चिन्ह शोधा, एकूण एक जागा. प्रत्येक ठिकाणी डावीकडचं नाव बघा: तेच नाव दुसऱ्या ओळीत वेगळं फंक्शन घेतंय का? एका नावाला एकच फंक्शन. माझ्या कोडमध्ये ‘पायरी’ नावाच्या चलात आधी ऑयलरचं हँडल होतं, आणि खाली इफमध्ये, जास्त अचूकता हवी असेल तर, त्याच चलात रुंगे-कुट्टाचं (दोन्ही विकलक समीकरणं पायरी-पायरीने सोडवायच्या पद्धती). मॅटलॅब हे चालवताना ठरवतं, त्यामुळे त्याची तक्रार नसते. कोडरला मात्र कुठलं फंक्शन बोलवायचं ते कंपाइल करतानाच कळावं लागतं, आणि इफची अट तर प्रोग्राम चालू झाल्यावरच कळणार. तिथेच एरर आला.

उपाय सोपा आहे. हँडल निवडू नका, कॉल निवडा. इफच्या एका फांदीत ऑयलरचा थेट कॉल, दुसरीत रुंगे-कुट्टाचा, आणि उत्तर दोन्हीकडून एकाच चलात. चार ओळी वाढल्या तर वाढू द्या.

आता बाहेरचं दार. ज्या मुख्य फंक्शनपासून कोड तयार होतो, त्याला हँडल आर्ग्युमेंट म्हणून देता येत नाही आणि ते हँडल परतही देऊ शकत नाही. आकडा द्या: 1 म्हणजे ऑयलर, 2 म्हणजे रुंगे-कुट्टा. पण सांभाळा! आकडा आत आला की स्विच लावून एकाच चलात हँडल भरायला हात जातोच. पहिला एरर काढल्यावर मी नेमकं तेच केलं आणि दुसरा दिवस त्यात गेला. एका नावाला एकच फंक्शन, स्विच असला तरीही.

आतल्या आत एका फंक्शनने दुसऱ्याला हँडल दिलं तर चालतं. एक्स्ट्रिन्सिक म्हणून जाहीर केलेल्या, म्हणजे कोडरने सी-मध्ये न उतरवता मॅटलॅबकडेच चालवायला सोडलेल्या फंक्शनला मात्र ते देऊ नका, त्याच्याकडून घेऊही नका. डीबगरमध्ये हँडल रिकाम्या मॅट्रिक्ससारखं दिसतं, ते बघून घाबरून कोड बदलत बसू नका.

मग आधी मेक्स (मॅटलॅबमधूनच चालवता येणारी, कंपाइल केलेली फाइल) बनवा, मूळ कोडशी उत्तरं ताडा, 1 देऊन आणि 2 देऊनही. नंतर सी. मध्येच कुणी तिसरी पद्धत घातली तर @ ची शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून.